आत्याबाईच्या मिशा आणि साथीचं गणित

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात डेंग्यूचे दोन पेशंट निघाले की एक लांबलचक मेसेज पुन्हा उगवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साथ किती पसरेल हे समीकरणं मांडून सांगणारी गणिती मॉडेलं हे थोतांड आहे. कोविडमध्ये लाखो मरतील म्हणून घाबरवलं, तेवढे मेले नाहीत. पणजोबांच्या काळी प्लेग आला आणि गेला, तेव्हा कोणी समीकरणं मांडत बसलं नव्हतं. एसीत बसून आकडेमोड करणाऱ्यांना रोगातलं काय कळतं? आणि आपलं सरकारी मॉडेल तर तोंडावर आपटलं. मी बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे खाली दरवेळी मलाच टॅग केलं जातं. एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात नुसतं चिकटवता येईल.

लाखो मेले नाहीत, हा रोख लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या १६ मार्च २०२० च्या अहवालावर आहे. ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यू, हे आकडे त्यातलेच. पण त्यांच्या आधी एक अट होती: कोणी काहीच केलं नाही तर. फॉरवर्ड होता होता अट गळाली, आकडा तेवढा राहिला. आठवड्याभरात ब्रिटनमध्ये लॉकडाऊन लागला, पुढे लसी आल्या, आणि एवढं करूनही तिथे दोन लाखांच्या वर, अमेरिकेत अकरा लाखांच्या वर माणसं गेली.

आपल्याकडे कोणी जर-तर सुरू केलं की ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ म्हणून उडवून लावतात. साथीत मात्र सगळं कामच जर-तरचं. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीचं गणित मांडलं. आहे तसंच चालू राहिलं तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये २० जानेवारी २०१५ पर्यंत, नोंद न झालेले धरून, १४ लाख रुग्ण. प्रत्यक्षात साथ संपेपर्यंत गिनीसह तिन्ही देशांत मिळून साधारण २८,६०० रुग्णांची नोंद झाली. हसायला जागा आहे खरी. पण त्याच कागदावर दुसराही आकडा होता: ७० टक्के रुग्ण उपचार केंद्रात किंवा संसर्ग पसरणार नाही अशा ठिकाणी राहिले आणि दफन सुरक्षित झालं, तर साथ ओसरू लागेल. शंभर नाही, सत्तर. जिथे प्रेताला आंघोळ घालतानाच लागण होत होती, तिथे हे आवाक्यातलं लक्ष्य होतं. साथ आटोक्यात आली याचं पहिलं श्रेय आपल्या रीती बदलणाऱ्या गावकऱ्यांना आणि तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना; पण किती टक्क्यांपर्यंत पोचलं की पुरे, हे कोणीतरी मोजावं लागतंच.

आता पणजोबांचा प्लेग. ‘आला आणि गेला’ हे वाक्य लिहिणाऱ्याला माझा नमस्कार. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत तो दिसला, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णसेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या, आणि पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात बळींची संख्या कोटीच्या वर गेली.

आणि गंमत म्हणजे या शास्त्राच्या पायात मुंबईचाच प्लेग आहे. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये साथीच्या गणितावर एक निबंध छापला. मॅकेंड्रिक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला डॉक्टर, केरमॅक रसायनतज्ज्ञ. प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी १९२४ मध्येच गेली होती. त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मुंबईतल्या प्लेगचे आठवडावार मृत्यू घेतले आणि त्यांवर एक वक्र बसवला. मी वर्गात तो फळ्यावर काढतो. सूत्रात ‘०.२ गुणिले आठवडे, वजा ३.४’ असा कंस आहे. आठवडा १७ घाला, कंस शून्य होतो, आणि तोच शिखराचा आठवडा: एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यू. त्या आकड्यापाशी वर्ग दरवर्षी गप्प होतो.

लगेच मी त्यांना दुसरी गोष्टही सांगतो. त्यांचं मॉडेल मुळात माणसाकडून माणसाला लागणाऱ्या रोगाचं, आणि हा प्लेग उंदरांवरच्या पिसवांचा, शिवाय ऋतूप्रमाणे चढणारा-उतरणारा. ही ओढाताण आहे याची त्या दोघांनाही कल्पना होती. म्हणजे वक्र सुंदर बसला म्हणून कारण बरोबर सापडलं, असं होत नाही.

टिकलं ते त्यांचं मुख्य अनुमान: साथ विझायला सगळ्यांनी आजारी पडायची गरज नसते. लागण होऊ शकणारे लोक एका मर्यादेखाली गेले की ती आपोआप उतरते. गोवराचा एक रुग्ण साधारण १५ जणांना रोग देतो असं धरा. त्या १५ पैकी १४ जणांना आधीच प्रतिकारशक्ती असेल तर तो एकालाच देईल; म्हणून ९३-९४ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती हवी. ८५ टक्के लसीकरण कानाला छान लागतं, पण १५ पैकी दोनाहून जास्त मुलं उघडी राहतात आणि प्रत्येक रुग्णामागे दोन नवे. कोविडच्या काळात नेहमीच्या लसी चुकल्या आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराने मुलं गेली, त्यामागे हाच हिशेब होता.

एसीचं उत्तर एका ओळीत देता येतं: ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस. १८९७ मध्ये सिकंदराबादच्या उकाड्यात, चिरलेले डास उडतील म्हणून पंख्याशिवाय बसून त्याने डासात मलेरियाचा जंतू शोधला. सगळे डास मारणं अशक्य, असं लोक म्हणू लागले, तेव्हा १९०८ च्या मॉरिशस अहवालात त्याने गणित करून दाखवलं की सगळे मारायची गरजच नाही.

राहिलं सरकारी मॉडेल. इथे मेसेज बरोबर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की शिखर होऊन गेलं, काळजी घेत राहिलं तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास संपेल. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला आणि मे महिन्यात देशात दिवसाला चार लाखांवर नवे रुग्ण होते. विषाणू बदलेल ही शक्यता त्या गणितात नव्हती, आणि अट इथेही होतीच. पण ती ठळक सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यांची होती. मेसेजमधला हा परिच्छेद तेवढा मीही पुढे पाठवायला तयार आहे, बाकीचे चार काढून.