गाबोळी आणि गोट्या

आमच्या वाड्यावर पहाटे साडेपाचला दोनच माणसं जागी असतात: पोदेर आणि मी. पोदेराला निदान पावाचे पैसे मिळतात. मी हातात बॅटरी घेऊन काचेच्या टाकीसमोर उकिडवा बसलेला असतो. आतल्या माशांनी अंडी घातली, की ती त्यांच्याच तोंडून सोडवायची, म्हणून.

मासे झेब्रा डॅनिओ. अंगावर निळे पट्टे, लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. मूळचे आपल्याच देशातले, एका स्कॉटिश डॉक्टराने १८२२ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली. दुकानात इतके स्वस्त, की घरी पैदास करण्यात शहाणपण नाही, हे बायकोने मला हिशेब मांडून दाखवलं. पण हिशेब मागाहून आला. तोवर ‘नवशिक्यालाही जमतं’ हे वाक्य मी दहा ठिकाणी ऐकलं होतं, आणि जे नवशिक्यालाही जमतं ते आपल्याला जमलं नाही असं कबूल करायला फार मोठं मन लागतं.

गप्पी थेट पिल्लं घालते. फायटरचा नर बुडबुड्यांचं घरटं बांधून त्याची राखण करतो. डॅनिओंकडे असला संसारी प्रकारच नाही. उजाडलं की नर मादीच्या मागे लागतात, ती लग्नातल्या अक्षतांसारखी अंडी उधळते, आणि दुसऱ्या मिनिटाला वर्‍हाड मागे वळून अक्षता वेचून खायला लागतं. नवरी सगळ्यात पुढे.

यावर जुनाजाणता उपाय म्हणजे गोट्या. तळाला दोन थर द्यायचे. या माशांची अंडी कुठे चिकटत नाहीत, सरळ खाली जातात, ती फटींत पडतात आणि आईबापांचं तोंड तिथे पोचत नाही. मी फोंड्याच्या बाजारात गेलो.

“मुलाक?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, माशांना.”

त्याने गोट्या मोजून दिल्या आणि सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले. तरी कमी पडल्या. मग आईने माळ्यावरून बिस्किटांचा गंजका डबा काढून दिला. त्यात माझ्या बालपणीच्या त्रेचाळीस. त्यातल्या निम्म्या मी पुढच्या वाड्यावरच्या पोरांकडून लबाडीने जिंकल्या होत्या. त्या माशांच्या उपयोगी पडल्या, तेवढंच प्रायश्चित्त.

पहिल्या दिवशी मला सहाला जाग आली. टाकीतली तिन्ही मंडळी, दोन नर आणि एक मादी, तृप्त चेहऱ्याने स्थिर उभी होती. जेवून उठलेल्या माणसाला जसं ओळखता येतं, तसं माशालाही येतं.

दुसऱ्या खेपेला जून लागला होता. डॅनिओंना पहाट लागते, आणि आमच्याकडे जूनमध्ये पहाट होतच नाही. रात्रीचा रंग थोडा विटतो, एवढंच. पुण्याला संशोधन करणाऱ्या भाचीला फोन लावला.

“मामा, सोप्पं आहे. लॅबमध्ये चौदा तास उजेड, दहा तास अंधार. रात्री नर-मादीमध्ये पडदा घालायचा. सकाळी दिवा लावला की पडदा काढायचा. आणि तळाला जाळी.”

या माशांवर जगभर प्रयोग चालतात. त्यांच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा वाढतो, असंही तिने सांगितलं. मी दिव्याला टायमर लावला. पहिल्याच रात्री गडगडाट झाला आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. टायमरच्या मते तेव्हा कुठे उजाडलं होतं. चौदा आणि दहाचं गणित बसवणाऱ्याने आमच्या वीजखात्याबरोबर एक पावसाळा काढून पाहावा.

जाळी म्हणून मी आईची रव्याची चाळण घेतली. त्याबद्दल जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. पण चाळणीने काम केलं. तिसऱ्या पहाटे बॅटरीच्या उजेडात टाकीच्या तळाशी काचेचे कण चमकताना दिसले. एकेक मिलिमीटरभर, शिजलेल्या साबुदाण्याची नातवंडं म्हणावीत अशी. बाहेर पोदेराने भोंपू वाजवला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला खिडकीतून ओरडून काही सांगितलं. “जालीं!” मी म्हणालो. त्याला वाटलं बायकोचं काही. “बरें जालें,” म्हणून त्याने दोन उंडे फुकट दिले. मी ते घेतले.

काही अंडी पांढरी पडली. ती फळलेली नसतात, त्यांना बुरशी धरते आणि शेजारणींनाही लागते. म्हणून मिथिलीन ब्लूचे थेंब घातले. टाकीपेक्षा माझी बोटं जास्त निळी झाली. ऑफिसात दोघांनी विचारलं, तुमच्या पंचायतीची निवडणूक कधी झाली?

दुसऱ्या दिवशी आईने पंचांगाचं भिंग आणलं आणि टाकीला नाक लावून बसली. अंडं पारदर्शक असतं, आतलं सगळं दिसतं.

“रे, ह्याचं काळीज हलतंय.”

पुरा दिवसच झाला होता त्याला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “चाळण ठेव तुझ्याकडेच.”

त्याच संध्याकाळी शेजाऱ्याने शेतातून चढणीचे मासे आणून दिले. पहिल्या पावसात अंडी घालायला ओहोळातून वर चढतात ते. पोटं अंड्यांनी टम्म भरलेली. आईने गाबोळी रव्यात घोळवून तव्यावर टाकली. चाळण माझ्याकडे असल्यामुळे रवा जाडाभरडाच राहिला होता. मी दोन वेळा मागून घेतली. शेजारच्या खोलीत मी अंडी खाणाऱ्या तीन मातापित्यांना वेगळ्या टाकीत कोंडून ठेवलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी पिल्लं निघाली आणि स्वल्पविरामासारखी काचेला चिकटून राहिली. दोनेक दिवस ती पोटातल्या बलकावर जगतात. मग पोहायला लागतात आणि खायला मागतात, ते इतकं बारीक की डोळ्यांना दिसू नये. त्यासाठी जुन्या पाण्यात सालदाटी केळ्याचं साल कुजवून सूक्ष्मजीव वाढवायचे. बाटलीला जो वास सुटला तो बायकोने दीड दिवस सोसला आणि बाटली अळवाच्या वाफ्यात ओतली. अळू झकास आलं. पिल्लांना मग उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला. जरा जास्त पडला की पाणी नासतं, आणि पहिल्या दिवशी मी जरा जास्तच मायेने दिला. एकोणीसची अकरा झाली.

अकराही जगली. आता आई रोज त्यांना मोजते. बारा भरतात म्हणते. मी वाद घालत नाही.

मासेमारीबंदी चालू आहे. समुद्रातल्या माशांना अंडी घालता यावीत म्हणून सरकार ट्रॉलर बंद ठेवतं, १ जूनपासून ६१ दिवस. बाजारात जे येतं त्याच्या भावाला हात लावता येत नाही, घरात तिसरा आठवडा सुक्या मासळीची किसमूर आणि सोलकढी चालली आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर आई टाकीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

“बंदी कधीपर्यंत रे?”

“३१ जुलै.”

तिने पिल्लांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तोवर झाकण घालून ठेव.”