दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: व्हेंजन्सचं मॉडेल

नमस्कार सर, तुमच्या आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या व्हेंजन्स विमानाचं जे छोटं मॉडेल आम्ही बनवून दिलं, त्याचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की पंख वाकडे बसवलेत, पंखावरच्या आणि बॉडीवरच्या गोल खुणेत (हवाई दलाची ओळखखूण) लाल रंगच नाही, शेपटीवरचा नंबर अर्धवट सोडलाय आणि रिसर्चच्या नावाखाली वेगळे पैसे घेऊन वर उशीर केला. सोलापुरात असलं काम करणारे फार कोणी नाहीत, वाचणाऱ्याला हेच खरं वाटेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पंख. व्हल्टी व्हेंजन्सचे पंख तसेच असतात सर. अमेरिकेत डिझाईन करताना गुरुत्वमध्याचं गणित चुकलं, मग सगळं नव्याने आखण्यापेक्षा पंखाचा मधला भागच मागे झुकवला आणि भागवलं, त्यामुळे वरून बघितलं की कोपरात मोडल्यासारखे दिसतात. स्टँडवर नाक वर का तेही त्यातलंच. हा डाइव्ह बॉम्बर, नव्वद अंशात सरळ खाली सूर मारायचा, तेव्हा रेषेवरून सरकू नये म्हणून पंख बॉडीला शून्य अंशात बसवले होते, आणि मग सरळ उडताना त्याला नाक वर धरूनच उडावं लागायचं. मार्क ४ ला (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) चार अंशाचा कोन दिला पण आजोबांच्या ८ नंबर स्क्वाड्रनकडे (हवाई दलाची तुकडी) आधीची मार्क होती, मी तीच बनवली.

आता लाल रंग. हे मी मनापासून सांगतो, यात मी बदल करणार नाही. ८ नंबर स्क्वाड्रन डिसेंबर १९४३ ला बर्मातल्या आराकानच्या आघाडीवर उतरली. समोर जपानी, त्यांच्या विमानावर लाल गोळा. घाईत वर बघणाऱ्याला लाल ठिपका दिसला की तो शत्रूचा समजून आपलीच माणसं आपल्याच विमानावर गोळ्या झाडणार, म्हणून १९४३ मध्येच या भागातल्या विमानांवरचा लाल काढायला लावला, राहिला गडद निळा आणि फिका निळा, आणि खूण पण लहान केली. तुम्ही नेटवरचा जो लाल-पांढरा-निळा फोटो पाठवला तो या आघाडीवरचा नाहीच. पांढरे पट्टे पण मारा म्हणाला होतात, ते नंतरचे, थंडरबोल्ट वगैरे फायटरवरचे, तोपर्यंत व्हेंजन्स आघाडीवरून गेली होती. आपल्या हवाई दलाची केशरी-पांढरी-हिरवी खूण तर १९५० ची. शोकेसमध्ये लाल उठून दिसला असता हे मलाही कळतं की, पण ज्या विमानाखाली तुमचे आजोबा फिटर म्हणून उभे होते त्यावर तो नव्हता.

आणि हे पुस्तकातलं बघून नाही म्हणत, आजोबांचा विमानाजवळचा जो जुना फोटो तुम्ही दिलात त्यातच आहे. मागे शेपटीच्या उभ्या पात्यावर दोनच पट्टे आहेत, एक गडद एक फिका, तिसरा नाही. यात एक अडचण असते, त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग काळपट यायचा आणि निळा फिका, त्यामुळे नुसत्या एका फोटोवरून रंग ठरवता येत नाही, तारीख, जागा, त्याच भागातल्या दुसऱ्या विमानांचे फोटो सगळं जुळवावं लागतं. पैसे घेतले ते याचे, ऑर्डर घेतानाच वेगळे सांगितले होते आणि पावतीवर पण आहेत. वेळ त्यातच गेला, आणि थोडा मे महिन्यात, आपल्याकडच्या उन्हात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो, घाई केली तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि १/७२ स्केलला ती खरखर लगेच डोळ्यात भरते.

नंबर अर्धवट का, ते डिलिव्हरीच्या वेळी तुमच्या मुलाला सांगितलं होतं. या विमानांचे नंबर एएन, ईझेड, एफबी असे सुरू व्हायचे. फोटोत ईझेड वाचता येतंय, पुढचा एक आकडा कसाबसा, आणि बाकीच्यावर उजवीकडून दुसऱ्या माणसाचा खांदा आलाय. अंदाजाने दोन आकडे चिकटवले असते तर कोणाला कळलं नसतं, पण ते कुठल्यातरी दुसऱ्याच विमानाचे झाले असते.

तुम्ही मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, तो फुटतो. ओरिजिनल प्रिंट घरी आहे म्हणाला होतात. ती घेऊन या, रविवारी सकाळी दुकान उघडं असतं, समोरच मोठ्या रिझोल्युशनला स्कॅन करू, खांद्याच्या वर आकड्याचा जरासा भाग दिसतोय असं मला वाटतंय. आकडा सापडला तर डिकॅल (मॉडेलवर चिकटवायचा छापील स्टिकर) मी करून लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. येताना मॉडेल खोक्यातच आणा, अँटेनाची तार नाजूक आहे.