आयर्विनचे फूट आणि खड्ड्यातली मोटर

सांगलीत विश्रामबागेत बेसमेंट पार्किंगचा फ्लॅट घेतलाय ना? अभिनंदन. आता बेसमेंटातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या खड्ड्याकडं ढुंकूनही बघू नका. झाकण उघडलं की आतली गुटख्याची पाकिटं दिसतात, आणि दिसली की काढावी लागतात. त्यात फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन मोटर सुरू करणारा तरंगता स्विच, अडकून तळाशीच राहिला, पाणी चढल्याचं मोटरला कळलंच नाही, तरी मनाला लावून घ्यायचं नाही.

महिन्यातून एकदा खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून मोटर आपोआप सुरू होते का बघणारे लोक असतात म्हणे. रिकामटेकडे.

मोटरला इन्व्हर्टर नकोच. धो धो पावसात लाईट गेली, असं सांगलीत कधी झालंय का?

दुसऱ्या मोटरचा विषय मीटिंगमध्ये निघाला की चेअरमनसाहेबांसारखं म्हणा, "काय होत न्हाई ओ! 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 57 फूट पाणी होतं, तवा आपल्या गल्लीत थेंब न्हवता." बरोबर आहे. पण परवा रात्री नदी धोक्याच्या 45 फुटांच्या कितीतरी खाली होती. कोयनेचा विसर्ग नाही, अलमट्टीला शिव्या घालायची सोय नाही. नुसता दोन तासांचा वळीव आणि बेसमेंटात कमरेएवढं पाणी! लाईट आल्यावर काठीनं फ्लोट सोडवला, मोटर घुरघुरली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत पुन्हा लाईट गेली आणि गटाराचं पाणी मोटरच्या बाहेर सोडायच्या पाइपनंच उलटं आत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कुठाय? "गळत होता, म्हणून काढून ठेवलाय." कुठं? गच्चीवर. गेल्या दिवाळीपासून. गेटवरच्या एलईडी कमानीला मात्र तीन कोटेशनं मागवली होती!

बुडालेल्या गाडीला लगेच सेल मारा. इंजिनात पाणी असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाल्यालाही पोटपाणी आहे.

मीटर बोर्ड खालीच ठेवा आणि मेन स्विच पाडायला वॉचमनला अनवाणी पाण्यात पाठवा. हे मी मनानं सांगत नाही. परवा तुम्हीच पाठवत होता त्याला, वरच्या पायरीवर छत्री धरून. लाईट कधीही परत आली असती. दंडाला धरून मागं ओढला मी त्याला. अरे, मेला असता ना तो! बाहेरून पुरवठा बंद करायला वायरमनला एक फोन लावायचा होता, तो एकाही माणसाला सुचला नाही. आणि आयर्विनची पातळी मात्र दर तासाला ग्रुपवर टाकता.

रविवारी दहाला झाकण उघडतोय. खाली या सगळ्यांनी. चेअरमनसाहेब, तुम्हीपण. येताना गच्चीवरचा व्हॉल्व्ह घेऊन या.