अंगठा उमटेना

तुमच्या विश्वात जे कॉमिकमध्ये असतं, त्याचं आमच्या विश्वात खातं आहे. उडणं, भिंती फोडणं, डोळ्यांतून जाळ काढणं, या सगळ्याला रीतसर पदं, बदल्या, भत्ते आणि शेवटी पेन्शन. मी वर्ग दोनमधून निवृत्त झालो आणि अंबाजोगाईला घर बांधून राहिलो. खात्यातलं नाव इथे लिहीत नाही, ओळख गुप्त ठेवायचं कलम निवृत्तीनंतरही लागू असतं. तर परवा, नोव्हेंबर लागला म्हणून, हयातीचा दाखला द्यायला गावातल्या एका बँकेत गेलो आणि मी जिवंत आहे हे तिथे कुणाला पटेना.

माझ्या अंगठ्याला रेषा नाहीत. एका साखर कारखान्याचा फुटायला आलेला बॉयलर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, त्यात गेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, हात धुऊन या." धुऊन आलो. "पुसून ठेवा." पुसून ठेवला. "दुसरं बोट." लाल दिवा. मागे रांग वाढत चाललेली.

"कामून हो भाऊ, अंगठा उठना का?"

मागे एक मावशी. डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी, पिशवीत मेथीच्या जुड्या आणि जुड्यांवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायला आलेल्या.

"नाही मावशी."

"उसतोडीला व्हते का?"

"नाही, सरकारी नोकरीत होतो."

"मंग झिजला कशानं? सरकारी नोकरीत काय झिजतंय?"

रांग हसली. मला राग आला, पण बीड जिल्ह्यात हा प्रश्न चुकीचा नाही. कोयता धरून धरून बोटं गुळगुळीत झालेली माणसं इथे घरोघर आहेत, रेशनच्या दुकानात त्यांचाही अंगठा असाच नाकारला जातो. त्यांच्या हातांवर कुणी चित्रकथा काढल्याचं ऐकलं नाही.

काउंटरवरच्या पोराला काय अवदसा आठवली कोण जाणे. "मावशी, काका सुपरहिरो होते!" असं तो मोठ्यांदा बोलला. गुप्ततेचं कलम तिथेच संपलं. मावशींनी मला चपलेपासून टकलापर्यंत पाहिलं.

"हे?"

"हो."

"उडतेत?"

"उडायचो," मी म्हणालो.

"मंग लाइनीत कामून उभे? वरून यायचं की."

"वरून आलो तरी काउंटर खालीच आहे ना मावशी."

हे त्यांना पटलं. पण बाईंची उलटतपासणी थांबायला तयार नव्हती. "आमच्याकडं तर कवा दिसले न्हाईत. कुठं उडायचे?"

"मुंबईला."

"अन् हितं?"

इथे दुखरी नस आहे. आमच्या विश्वात परग्रहावरून कुणी आलं तर ते थेट मुंबईत उतरतं, फार तर पुण्यात. समुद्रातून राक्षस निघायचा तर मराठवाड्याला समुद्रच नाही. दांडेकर समितीने १९८४ साली रस्त्यांचा, सिंचनाचा अनुशेष मोजला, पण संकटांचा अनुशेष कुणी मोजला नाही. पदं संकटांच्या प्रमाणात मंजूर होतात, त्यामुळे आठ जिल्ह्यांना मिळून आमचं एक कार्यालय, त्यातही साहेब कायम रजेवर. मी होम डिस्ट्रिक्टसाठी अर्ज करत राहिलो. उत्तर ठरलेलं: आपल्या जिल्ह्यात पुरेशी आपत्ती नाही. दर तिसऱ्या वर्षी पाऊस दडी मारतो ती आपत्ती नव्हे, ते हवामान.

मावशींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "लातूरला रेल्वेनं पानी आनलं, तवा तुमी काय करायलते?"

एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. तेव्हा मी सेवेत होतो, आणि एवढं मी फार तर दोन खेपांत आणलं असतं. तसा प्रस्ताव पाठवला होता. वरून शेरा आला की मिरज कृष्णेच्या खोऱ्यात, लातूर मांजरेच्या म्हणजे पर्यायाने गोदावरीच्या. एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेण्यासाठी खांदा हे साधन अनुज्ञेय नाही. हे सगळं मी मावशींना समजावून सांगितलं. खोरं, शेरा, अनुज्ञेय, सगळं.

"म्हंजी न्हाई आनलं."

"नाही."

"मंग काय उपेग?"

एवढं म्हणून त्यांनी माझ्या खिशाचं बॉलपेन काढून घेतलं आणि पुढच्या माणसाकडून स्वतःची स्लिप भरून घेऊ लागल्या. मी मुंबईवर येणारा धूमकेतू वळवलाय. पण हे मेथीच्या जुडीसमोर सांगायचं कसं?

तोवर पोराने मोबाइल काढला. २०२१ पासून नुसता चेहरा दाखवूनही हयात ठरते. त्यात अट एकच, डोळे मिचकावायचे. आता माझा उजवा डोळा मिचकावला की जाळ निघतो, ती कळच तशी आहे. "काही होत नाही काका, मिचकावा." मी म्हणालो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नेम तिरका जातो. मावशी मागून, "मिचकव की रं, लाजतूस काय नवरीवानी!" अहो-जाहो कधी संपलं ते कळलं नाही. मिचकावला. शेजारच्या टेबलावरचा कागदी कपातला गार चहा उकळून उतू गेला, आणि मोबाइलवर अक्षरं आली की चेहरा जुळत नाही. जुळणार कसा, आधारच्या फोटोत मी मुखवट्यात आहे.

"चहा तरी गरम झाला," मावशी म्हणाल्या.

तिकडे अमेरिकेत सुपरमॅन १९९२ साली मेला आणि १९९३ मध्ये परत आला. त्याला कुणी विचारलं का, बाबा रे, मधल्या काळातली थकबाकी कशी काढायची? इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतला वेताळ, म्हणजे फँटम, त्याहून सुखी. बाप गेला की पोरगा मुखवटा चढवणार, बाहेर सगळ्यांना वाटणार चारशे वर्षं एकच माणूस. तिथे पेन्शन बंदच होत नसेल. मी आमच्या चिरंजीवांना मुखवटा देऊ केला होता. हिंजवडीहून फोनवर म्हणाले, बाबा, वर्क फ्रॉम होम आहे का त्यात?

बँकेच्या साहेबांनी शेवटी तोडगा काढला: गणवेश दाखवा, ओळख मानू. घरी फोन लावला. आमच्या सौभाग्यवती केपला झूल म्हणतात. "झुलीवर सोयाबीन वाळत घातलंय. ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की घेत नाहीत खरेदी केंद्रावर. आत्ता झूल निघायची नाही." आणि फोन ठेवला. जिने आगीतून, गोळीबारातून मला वाचवलं, त्या केपवर तीन पोतं सोयाबीन.

मग खात्याचा जुना कागदी फॉर्म निघाला. त्यात ओळ होती: 'सदर वीर मला व्यक्तिशः परिचित असून तो माझ्यासमक्ष जिवंत आहे.' खाली साक्षीदाराची सही. ओळख गुप्त ठेवलेल्या माणसाला व्यक्तिशः परिचित कोण असणार? गल्लीत मला सगळे पाटबंधारेवाले काका म्हणून ओळखतात.

"आन हिकडं. मी वळखते ह्याला." मावशींनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर ठेवला. काय उमटला! शंख, चक्र, सगळं स्वच्छ. साहेबांनी शिक्का मारला.

"आता मला घाटनांदूरला सोड. उडत."

मी सांगितलं की उडायला मला आजही काही होत नाही, त्रास उतरायला होतो. डॉक्टरांनी गुडघ्यांवर भार द्यायला मनाई केलीय. मावशी म्हणाल्या, मग सही खोडते. साहेबांनीही, आश्चर्य म्हणजे, फॉर्म माझ्या बाजूने सरकवायचा थांबवला.

काळीपिवळीत बसलो. दोन्ही सीटचे पैसे मी दिले, सुट्टे नव्हते म्हणून वरचे दहा रुपयेही ड्रायव्हरकडे राहिले. मावशी सगळ्या गाडीला सांगत होत्या, ह्यो पूर्वी उडायचा, पण पानी काय आनलं न्हाई. एकाने विचारलं, विमानतळावर होते का? मेथीची पिशवी माझ्या मांडीवर, माझं बॉलपेन त्यांच्या ब्लाउजमध्ये. मागता येईना. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "काका, जरा अंग चोरून बसा, फाट्यावर अजून तिघं घ्यायचेत."