अनाथ कोणाला म्हणायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इथिओपियाच्या संसदेने जानेवारी २०१८ मध्ये परदेशी दत्तकविधानावर बंदी घातली आणि तो निर्णय योग्य होता, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि रागावून लिहिले आहे. तो राग मला समजतो, कारण आपल्या शेजारच्या घरात इथिओपियातून आलेला एक मुलगा आपल्या डोळ्यांदेखत वाढला आहे आणि त्या घराने त्याच्यासाठी काय काय केले, हे आपण पाहिले आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: उपाशी मुलाला संस्कृती खाऊ घालता येत नाही, चार दलालांच्या पापासाठी हजारो सरळमार्गी आईबापांवर संशय घेणे हा अन्याय आहे, दार बंद केल्यावर अनाथालयातली मुले तिथेच राहिली, त्यांचे काय ते पुण्यात बसून लिहिणाऱ्याने सांगावे. शेवटी आपण विचारले आहे की, मग त्या शेजाऱ्यांनी आता मुलाला परत पाठवावे काय.

संस्कृतीचा मुद्दा मी सोडून देतो. लेखात त्याबद्दल एक वाक्य होते, ते नसते तरी चालले असते. वॉशिंग्टन राज्यात २०११ साली दत्तक घरी छळ होऊन मरण पावलेल्या इथिओपियन मुलीचा उल्लेखही मी युक्तिवाद म्हणून करायला नको होता. सख्ख्या घरांतही मुलांचा छळ होतो, आणि एका घराच्या क्रौर्यावरून दुसऱ्या घराची परीक्षा करता येत नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

माझा मूळ प्रश्न मूल तिकडे सुखी होते की नाही हा नव्हता. ते मूल अनाथ होते का, आणि त्याला देऊन टाकणाऱ्या माणसाला आपण काय देत आहोत हे कळले होते का, हा होता. आपल्या प्रतिक्रियेत 'अनाथ' हा शब्द अनेकदा आला आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो.

मराठीत आपण अनाथ म्हणतो तेव्हा आई नाही, बाप नाही, विचारणारे कोणी नाही असे पोर आपल्या डोळ्यांसमोर येते. युनिसेफच्या मोजणीत मात्र आईवडिलांपैकी एक जण गेले असले तरी ते मूल अनाथ ठरते. २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले असल्याचा जो आकडा सर्वत्र छापला गेला, त्यांपैकी आई आणि वडील दोघेही गेलेली मुले सुमारे दीड कोटी होती, आणि त्यांतलीही बहुतेक मुले आजी, मावशी, काका अशा कोणा ना कोणाकडे राहत होती. अमेरिकेच्या व्हिसाच्या कायद्यातला 'अनाथ' आणखी वेगळा आहे. एकच पालक उरला असेल, त्याला मुलाचे नीट करणे जमत नसेल आणि त्याने कायमचा हक्क सोडल्याचे लिहून दिले असेल, तर ते मूल त्या कायद्याने अनाथ. आई आणि वडील दोघेही हयात असून एकत्र राहत असतील, तर मात्र मूल या व्याख्येत बसत नाही. याचा परिणाम काय होतो ते पाहा. ज्या घरात दोघेही आहेत पण दारिद्र्य आहे, त्या घरातले मूल विमानात बसवायचे असेल तर कागदावर बापाला मेलेला किंवा बेपत्ता दाखवावे लागते. खोटे लिहिण्याचे कारण असे नियमातच दडलेले होते. ते लिहायला फार मोठा खलपुरुष लागत नव्हता, गावच्या पातळीवरचा एक दाखला पुरत होता.

आता हक्क सोडल्याच्या त्या कागदाविषयी. माझे वडील नवव्या वर्षी कोकणातल्या घरातून निघून पुण्याला मावशीकडे शिकायला राहिले. त्याच्या मागच्या पिढीतली मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत आणि शिकत. मूल दुसऱ्याच्या घरी वाढते, पण ते आपलेच असते, सुटीत परत येते, पुढे हाताशी आले की घराला हातभार लावते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. दक्षिण इथिओपियातल्या वोलायता, हदिया, कंबाटा या भागांतून मोठ्या संख्येने मुले परदेशी गेली, आणि तिथल्या कित्येक आयांनी नेमके हेच मनात धरून अंगठा दिला होता: मुलगा परदेशात शिकेल, पत्र येईल, फोटो येईल, एक दिवस तो परत येईल. इथिओपियातल्याच ओरोमो समाजात गुडिफेचा नावाची दत्तक घेण्याची जुनी रीत आहे. तीत मूल नव्या घरात पूर्ण हक्काचे होते, तरी जन्मदात्या घराशी त्याचे नाते पुसले जात नाही. अमेरिकी किंवा युरोपीय कायद्यातले दत्तकविधान जन्मदात्या आईला कागदोपत्री परकी करून टाकते. हे ज्या माणसाच्या कल्पनेतच नाही, त्याच्याकडून त्या गोष्टीला 'संमती' घेतली असे आपण कसे म्हणणार? माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे, लाचलुचपतीत नाही.

लाचलुचपत होती, यातही शंका नाही. आपण चार दलाल म्हणता. युगांडात आधीच्या कायद्याप्रमाणे परदेशी दांपत्याला दत्तक घेण्यासाठी तिथे तीन वर्षे राहणे आवश्यक होते. ते टाळण्यासाठी वकिलांनी पालकत्वाचा आदेश मिळवून मूल देशाबाहेर न्यायचे आणि दत्तकविधान अमेरिकेत पुरे करायचे, अशी वाट काढली. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने युगांडाचे दोन न्यायाधीश आणि वकील यांच्यावर निर्बंध घातले, आणि त्याच सुमारास ओहायोतल्या एका दत्तकसंस्थेशी संबंधित व्यक्तींवर तिथल्या न्यायखात्याने आरोप ठेवले. दूरच्या खेड्यांतल्या कुटुंबांना मुलांच्या खास शिक्षणाचे आश्वासन देऊन मुले आणली गेली, आणि ती अनाथ नसतानाही आदेश निघावेत म्हणून पैसे चारले गेले, असे त्या कागदपत्रांत म्हटले आहे. शिक्षणाचे आश्वासन इथेही आलेच.

चाडमध्ये २००७ साली घडले ते याहून उघड होते. एका फ्रेंच संस्थेने शेजारच्या सुदानमधल्या दारफूरची युद्धग्रस्त अनाथ मुले म्हणून १०३ मुले अबेशे शहरातून विमानाने फ्रान्सला नेण्याची तयारी केली होती. विमान सुटण्यापूर्वी पोलिसांनी त्यांना अडवले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आणि रेड क्रॉसने मुलांशी बोलून पाहिले, तेव्हा ९१ मुलांनी आपण आपल्या घरी, आईवडील मानत असलेल्या किमान एका मोठ्या माणसाजवळ राहत होतो असे सांगितले. बहुतेक मुले चाडचीच होती. गावकऱ्यांना अबेशेला शाळेत घालतो असे सांगितले होते. फ्रान्समध्ये विमानतळावर त्यांची वाट पाहणारी दांपत्ये मनापासून आलेली होती, आणि तीही फसली होती.

आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे माझे उत्तर या दांपत्यांतच आहे. मी दत्तक घेणाऱ्यांना आरोपी मानत नाही. पण त्यांच्या चांगुलपणामुळे व्यवहार शुद्ध होत नाही, कारण पैसा त्यांच्याकडूनच येतो. ज्या देशात माणशी वार्षिक उत्पन्न चारशे डॉलरांच्याही खाली होते, तिथल्या एका मुलामागे वीस-तीस हजार डॉलर खर्च होऊ लागले की, मुलांसाठी घरे शोधण्याऐवजी घरांसाठी मुले शोधणे सुरू होते. २०१० साली एकट्या अमेरिकेत इथिओपियातून अडीच हजारांवर मुले गेली. मार्च २०११ मध्ये इथिओपियाच्या संबंधित मंत्रालयाने दिवसाला पन्नासपर्यंत प्रकरणे पाहणे थांबवून पाचच पाहू असे ठरवले. दिवसाला पन्नास प्रकरणे! एका मुलाची आई कोण, ती कुठे आहे, मावशी सांभाळायला तयार आहे का, हे विचारायला त्या वेगात किती मिनिटे मिळत असतील?

आफ्रिकेने हे नियम परदेशी दबावाखाली केले, असेही आपण सुचवले आहे. ते बरोबर नाही. आफ्रिकी देशांची मुलांच्या हक्कांची स्वतःची सनद १९९० सालची आहे, आणि तिच्या २४ व्या कलमात परदेशी दत्तकविधान हा शेवटचा उपाय असल्याचे स्पष्ट लिहिले आहे.

'पुण्यात बसून' हे शब्द मला लागले, कारण पुण्यात बसल्यामुळेच मला हे जास्त दिसते. आपल्याकडची मुलेही स्वीडनला, नेदरलँड्सला, डेन्मार्कला गेली, आणि आज त्यांतली कोणी चाळिशीत पुण्या-मुंबईत येऊन जुन्या संस्थांच्या नोंदवह्या उघडून पाहायला मागतात. भारतात या व्यवहाराला पहिली शिस्त लागली ती एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रामुळे. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणाचा तो निकाल १९८४ सालचा. त्यानंतरही पुण्यातल्या एका संस्थेच्या कारभाराची चौकशी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावी लागली. आपण हे सगळे पाहिलेले लोक आहोत. इथिओपियाकडे बोट दाखवण्यासाठी मी लिहिले नाही.

आता आपला तिसरा आक्षेप. इथे आपण बरोबर आहात, आणि माझ्या लेखात त्रुटी होती. बंदीमुळे खरोखर कोणी नसलेल्या मुलांचाही रस्ता बंद झाला. एचआयव्ही असलेल्या मुलांना २०१० नंतर अमेरिकेत जाणे सोपे झाले होते आणि त्यांतल्या अनेकांना तिथे घर आणि औषध दोन्ही मिळाले. त्यांच्याविषयी मी एक ओळही लिहिली नाही, हे चुकले. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या, म्हणजे किन्शासाच्या सरकारने सप्टेंबर २०१३ पासून देशाबाहेर जाण्याचे परवाने थांबवले, तेव्हा न्यायालयाचा आदेश हाती असलेली शेकडो मुले दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडली, आजारी मुलेसुद्धा. असे फाटक लावताना आत उभ्या असलेल्या मुलांचा विचार आधी करायला हवा होता.

मात्र फाटक लावल्यावर काहीच करता येत नाही, हे खरे नाही. रवांडाने २०१० मध्ये परदेशी दत्तकविधान थांबवले आणि दोन वर्षांनी अनाथालयेच टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा तिथल्या संस्थांत तीन हजारांहून अधिक मुले होती. प्रत्येक मुलाचे नातेवाईक शोधले गेले, जी घरे तयार होती त्यांना मदत दिली गेली, आणि ज्यांचे कोणीच सापडले नाही त्यांच्यासाठी गावोगावी सांभाळणारी कुटुंबे उभी केली गेली. अशी मुले सांभाळणाऱ्यांना तिथे 'मलायका मुलिंझी' म्हणजे राखणदार देवदूत या नावाने ओळखले जाते. १९९४ च्या नरसंहारानंतर ज्या देशात असंख्य घरांनी परक्यांची मुले पदराखाली घेतली, त्या देशाला घर शोधणे जमले. ते काम संथ आहे, त्याचे फोटो निघत नाहीत, आणि एका मुलाच्या विमानप्रवासाला लागणाऱ्या पैशात अनेक आयांना आपले मूल आपल्यापाशी ठेवता येते. इथिओपियाच्या सरकारने बंदीबरोबर तेवढाच पैसा या कामाला लावायला हवा होता, ही माझी मागणी आहे, आणि मूळ लेखात मी ती केली नव्हती. तो परिच्छेद मी आज जोडत आहे.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. नाही, कोणी कोणाला परत पाठवू नये. तो मुलगा आपण लिहिता तसा सतरा वर्षांचा असेल, तर त्याचे घर तेच आहे आणि तेच राहावे. शेजाऱ्यांना एवढेच सांगा की, अदिस अबाबाच्या न्यायालयाचा आदेश, हक्क सोडल्याचा जबाब आणि गावाच्या केबेलेचे (तिथल्या सर्वांत खालच्या स्थानिक प्रशासनाचे) पत्र हे तीन कागद घरात असतील, ते त्याच्या हाती द्यावेत, आणि ज्या नातेवाइकाने जबाब दिला त्याचे नाव आणि गाव त्याला वाचून दाखवावे. तो स्वतःहून कधी आईविषयी विचारत नाही, असे आपण लिहिले आहे. दत्तक आईवडिलांना वाईट वाटेल म्हणून तो विचारत नसेल, ही शक्यता त्यांनी एकदा मनात आणावी. कोणी तिथे जाऊन शोध घ्यायचा ठरवले, तर केबेले आणि वोरेडा (म्हणजे तालुका) यांची नावे असल्याशिवाय काही हाती लागत नाही, आणि जी माणसे ओळख पटवू शकतील ती म्हातारी होत चालली आहेत.