मुलं थोडी असली तरी व्हीबीएस भरतं
पंधरा-वीस मुलं नसतील तर उन्हाळी व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) भरवण्यात अर्थ नाही, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातलं. मे महिन्यात पुण्या-मुंबईहून आजोळी आलेली पोरं धरूनही वर्ग लहानच भरतो, म्हणून आम्ही वयाप्रमाणे गट पाडत नाही. दृढीकरण (चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेली मोठी मुलं धाकट्यांकडून वचनं पाठ करून घेतात, पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं बसवतात. आणि शिकवता शिकवता तीच जास्त शिकतात!

खरं अडतं ते शिक्षकांपाशी. आम्हाला मिळतं ते छापील साहित्य इंग्रजीवरून उतरवलेलं, शहरी मुलांसाठीचं. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आमच्या मुलांना बांधावर नेऊन सांगता येतो, पण त्यासाठी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एप्रिलमध्येच शिक्षकांची तयारी करून घ्यायला हवी. त्याबद्दल लेखात एक ओळही नाही.