शंभर टक्के प्रोसेसर घेणारा शेल बिघडलेला नसतो

चालू प्रोसेस (चालत असलेले प्रोग्रॅम) किती प्रोसेसर वापरतात हे दाखवणाऱ्या टॉप या कमांडमध्ये बॅश या शेलसमोर (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम) १०० टक्के दिसले की शेल बिघडला असे समजावे, त्या प्रोसेसला ‘किल -९’ (ती तत्काळ संपवणारा सिग्नल) द्यावे, आणि त्रास पुन्हा झाला तर नाइस (प्रोसेसचा अग्रक्रम कमी करणारी कमांड) लावून मोकळे व्हावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. यातील एकही पायरी दुखण्याच्या मुळाशी जात नाही आणि एक तर सरळ नुकसान करते.

आधी आकडा पाहू. लिनक्सवरील टॉप मूळ मांडणीत टक्केवारी एका कोअरच्या (प्रोसेसरमधील एका स्वतंत्र गणनाघटकाच्या) हिशेबाने दाखवतो. म्हणजे आठ कोअरच्या यंत्रावर हे १०० टक्के एकूण क्षमतेच्या साडेबारा टक्के भरतात. पीएस या प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडचा आकडा तर प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. दहा तास स्वस्थ बसून शेवटची सहा मिनिटे कोअर पूर्ण व्यापणारी प्रोसेस तिथे जेमतेम एक टक्का दिसेल. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

‘शेल बिघडला’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यामुळे शेल चालवत असलेली स्क्रिप्ट (कमांडची फाइल) तपासण्याचे राहूनच जाते. नेहमी आढळणारी चूक अशी: ‘व्हाइल ट्रू’च्या, म्हणजे स्वतःहून न थांबणाऱ्या, लूपमध्ये रीड या इनपुट वाचणाऱ्या कमांडने उत्तर वाचायचे आणि ते योग्य नसेल तर पुन्हा विचारायचे. समोर माणूस असेपर्यंत रीड थांबून राहतो आणि प्रोसेसरवर भार येत नाही. इनपुट संपले, की रीड क्षणाचाही विलंब न लावता अपयशी होऊन परततो, लूप ते अपयश तपासत नाही आणि अखंड फिरत राहतो. अशा प्रोसेसला ‘एसट्रेस -पी’ (प्रोसेसने ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंत्या दाखवणारी कमांड) लावल्यास शून्य, म्हणजे ‘वाचायला काही उरले नाही’, असे परत करणाऱ्या रीडच्या ओळींचा पाऊस पडताना दिसतो. रीडलाच लूपची अट केले, की दोष संपतो. फाइल तयार होण्याची वाट स्लीपशिवाय (मध्ये थोडे थांबवणाऱ्या कमांडशिवाय) पाहणारा लूपही याच जातीचा.

नाइसने काम कमी होत नाही, फक्त रांगेतील क्रम बदलतो. कोअर रिकामा असेल तर १९ नाइस (सर्वांत खालचा अग्रक्रम) असलेली प्रोसेसही तो पूर्ण वापरते.

राहिले ‘किल -९’. हा सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही, म्हणून स्क्रिप्टमधील ट्रॅप (सिग्नल आल्यावर आवराआवर करणारा भाग) चालत नाही. तात्पुरत्या फाइली आणि लॉक फाइल (स्क्रिप्ट आधीच चालू असल्याची खूण) तशाच राहतात, आणि पुढच्या वेळी तीच स्क्रिप्ट जुने लॉक पाहून काम न करताच बाहेर पडू शकते. तिने सुरू केलेल्या उपप्रोसेसही आपोआप मरत नाहीत. प्रोसेसर तातडीने मोकळा करायचाच असेल तर स्टॉप सिग्नल द्यावा: प्रोसेस गोठते पण जिवंत राहते, प्रॉक या प्रोसेसची माहिती देणाऱ्या डिरेक्टरीतून तिची कमांड, उघड्या फाइली आणि पालक (तिला सुरू करणारी) प्रोसेस निवांत पाहता येतात, आणि मग टर्म (संपण्याची विनंती) व त्यामागोमाग कंटिन्यू (पुन्हा चालू करणारा) सिग्नल देऊन तिला आवराआवर करण्याची संधी देता येते.